शनिवारी ट्रकखाली मीच जाणार आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आईने नुसतं "बरं" म्हटलं, तेव्हाच मला कळलं की विषय काही संपलेला नाही. म्हणून हे पत्र. ट्रकच्या गिअरबॉक्सचं चेंबर, म्हणजे त्याच्या तळाशी बोल्टांनी बसवलेलं ऑइलचं भांडं, मी घरीच बदलणार आहे. नवं चेंबर, फिल्टर, ऑइल सगळं येऊन पडलंय. आई, हे ठरलंय. पण का ठरलं ते तुला नीट कळायला हवं.

आधी तुझी भीती. भाऊकाकांच्या जीपचं जे झालं ते मीही विसरलेले नाही. पण या कामाला जॅक लागतच नाही गं. ट्रक इतका उंच आहे की चारही चाकं जमिनीवर असताना मी सहज खाली सरकते. सपाट काँक्रीट, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, किल्ली माझ्या खिशात. ऑइल कोमट असतानाच काढायचं, कढत नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. आणि मी खाली असेपर्यंत शेजारीण अंगणात बसून राहणार आहे, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

बाबा, आता तुमचा प्रश्न: चालतंय ते कशाला उघडायचं? इंजिन ६.७ लिटरचं कमिन्स आहे, म्हणजे आपल्या कोथरूडच्या कारखान्याच्या घरचंच, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे त्यामागच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची. एरवी त्याचं ऑइल ८० अंशांच्या आसपास असतं. पण मागे ट्रेलर लावून घाट चढायला लागलं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक न होता फिरत राहिला, की ते शंभरीपार जातं. जास्त तापलेलं ऑइल लवकर मरतं आणि मग क्लच जळतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. आताचं चेंबर पातळ पत्र्याचं आहे, त्याला ड्रेन प्लगही नाही. ऑइल बदलायचं तर सगळं चेंबर उतरवायचं आणि अंगावर आंघोळ करून घ्यायची. नवं जाड ॲल्युमिनियमचं आहे, बाहेरून पंख काढलेले, तळाला चुंबक लावलेला ड्रेन प्लग, टेंपरेचर सेन्सरला जागा, आणि तीन-चार लिटर ऑइल जास्त मावतं. ऑइल जास्त म्हणजे तापायला वेळ जास्त. खरं थंड करायचं काम पुढचा कूलरच करतो, हे मला माहीत आहे. चेंबर बदललं म्हणून मी घाटात बेफिकीर होणार नाही.

गॅरेजला का नाही? पैसे वाचतात हे आहेच, पण त्यासाठी नाही. मला जुन्या चेंबरमधलं चुंबक स्वतः बघायचंय. नुसता करडा चिखल असेल तर ठीक, धातूचे तुकडे दिसले तर सगळा बेतच बदलेन. आत दोन फिल्टर आहेत, एक चपटा आणि एक फिरवून बसणारा. चपट्याचं जुनं सील कधीकधी वरच अडकून राहतं. ते न काढता नवं बसवलं तर पंप हवा ओढतो. मग केसिंगच्या कडेचं जुनं सिलिकॉन खरवडायचं, तेही ॲल्युमिनियमला चरा न पाडता. हे घाईचं काम नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीवर इतका वेळ कुणी घालवत नाही. बोल्ट बारीक आहेत, जोर केला की आटे गेलेच. मोजून जोर लावणारा पाना, टॉर्क रेंच, आणलाय, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जाईन.

दापोडीच्या वर्कशॉपातून तुम्ही आलात की तुमच्या शर्टाला ऑइलचा वास यायचा आणि मी मुद्दाम तुमच्याच मांडीवर येऊन बसायचे. रविवारी स्कूटर उघडलीत की बॅटरी धरायचं काम माझं. "उजेड हातावर नाही, नटावर", हे वाक्य मला अजून ट्रकखाली ऐकू येतं, बाबा. तेव्हा भीती वाटली नाही ती आता कशी वाटेल?

आणि हे सगळं जूनसाठी आहे. तुम्ही येणार, मग आपण ट्रेलर घेऊन इथल्या कोलोराडोतल्याच ग्लेनवुड स्प्रिंग्जला जाणार. आई, वज्रेश्वरीला तू कुंडात पाय सोडून बसायचीस, तिथेही तसंच गरम पाणी आहे, गुडघ्यांना बरं वाटेल. ट्रेलरमध्ये कमोड आहे, गॅस आहे, तुझा चहा तुझ्याच भांड्यात होईल. पलंग खाली आहे, चढावं लागणार नाही. पण वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,१५८ फुटांवर. दोन्ही बाजूंचा रस्ता खडा. तुम्ही दोघं बसलेले असताना तिथे गिअरबॉक्सने दगा द्यायला नको, एवढंच माझ्या मनात आहे.

बाबा, अँजिओप्लास्टीनंतर एवढी उंची चालेल का ते डॉक्टरांना विचारा. "मला काही होत नाही" असं त्यांना सांगू नका, नुसतं विचारा. आमचं डेन्व्हरच ५,२८० फुटांवर आहे, तेव्हा पहिले काही दिवस घरीच आराम. डॉक्टर नको म्हणाले तर बोगदा रद्द, आपण खालीच कुठेतरी तळ टाकू, मला जराही वाईट वाटणार नाही. आणि स्कूटरखाली वाकणं आता बंद. खरंच बंद. कोपऱ्यावरच्या मुलाला बोलवा, तुम्ही खुर्चीत बसून त्याला रागवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही.

शनिवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ लावते. फिल्टर बसवताना आणि बोल्ट आवळताना तुम्ही समोर हवे आहात. ऑइल भरून, गाडी गरम करून डिपस्टिक बघेपर्यंत तुमचे नऊ-साडेनऊ होतील, तेव्हा जेवण आणि रात्रीच्या गोळ्या आधी उरकून घ्या. गोळ्यांचा डबा मला दाखवायचा, मगच मी ट्रकखाली जाईन.

तुमची,
बेबी