फोन बंद का होता त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही धडधाकट आहोत. चिमीला साधी सर्दीसुद्धा नाही. फोन भिजला म्हणून दोन दिवस बंद होता. आम्ही केव्हाच पाण्याबाहेर आलो होतो, आईने मात्र देव पाण्यात ठेवले म्हणे. आता काढा.

होय, म्हादई नदीत गेलो होतो, वाळपईच्या पुढे. मित्राच्या दोन कॅनू होत्या, म्हणजे हलक्या, लांबट होड्या. लाइफ जॅकेट सगळ्यांना होती. निघालो तेव्हा उघडीप होती. मग वर घाटात कोसळला असावा; पाणी लाल झालं, ओढ वाढली. आम्ही लगेच काठाला लागलो. लगेच म्हणजे दोन वळणांनंतर. कॅनू उलटली नाही, कलली. बाबा, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर 40 फूट झालं की सामान माळ्यावर चढवणाऱ्या घरातला आहे मी, नदी मला कळते. त्या दिवशी जरा उशिरा कळली. काठावरच्या कुळागरातल्या (म्हणजे सुपारीच्या बागेतल्या) माणसांनी चिमीला कोरडे कपडे आणि गरम पेज दिली.

आणि इथल्या, गोव्याच्या लोकांचंही ऐका. 24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण असतो. ख्रिस्ती मंडळी पानाफुलांचा मुकुट (त्याला कोपेल म्हणतात) घालून विहिरीत उड्या मारतात. पडत नाहीत, मारतात. तेही भर पावसात. सेंट जॉन आईच्या पोटात असताना मेरी भेटायला आली, तेव्हा त्याने आनंदाने आतच उडी मारली. विहीर म्हणजे ते पोट. नव्या जावयाला सासुरवाडीचं खास बोलावणं, उडी त्यालाही चुकत नाही. वर फणस, अननस, फेणी. पोहता न येणाऱ्याने काय करायचं, असं मी विचारलं, तर सगळे हसले. आता अशा मुलखात जूनमधल्या नदीचं कुणाला काय वाटणार? आजी गोव्याला अजून परदेश म्हणते. 1961 पर्यंत होताच, तिचं फारसं चुकत नाही.

चिमीची एक चप्पल गेली. दिवाळीला तुम्ही घेतलेली.

सुमीचं कराडचं स्थळ जमतंय हे वाचून बरं वाटलं. बैठकीला यायचं बघतो, पण सुट्टी अवघड आहे. म्हादईला घेतलेली धरली जाणार. हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे 25 हजार मीच देणार, त्यात बदल नाही. आत्ता 15 पाठवतोय, फोन नवा घ्यावा लागला. बाकीचे गणपतीच्या आधी.

आणि कराडकरांना होडीचं काही बोलू नका.

तुमचा,
बाळू