धारेचा दगड घेताना नंबर नीट वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

खंडेनवमी जवळ आली की सीमाभागात घरोघरी विळी, सुरी, कोयता, पटाशी घासूनपुसून पुजेला ठेवतात आणि धार लावायच्या दगडांना गिऱ्हाईक वाढते. हल्ली त्यात पाण्यावर चालणाऱ्या जपानी पद्धतीच्या दगडांची भर पडली आहे. एका अंगाला ३०००, दुसऱ्याला ८००० असा जोडदगड ऑनलाइन सहज मिळतो. आरशासारखी धार हवी म्हणून लोक थेट तोच मागवतात, तासभर घासतात, पाते लखलखते, आणि टोमॅटो मात्र कापायच्या ऐवजी दबतो. मग दगडाला नावे ठेवली जातात. दगड बहुधा चांगलाच असतो. बोथट सुरी त्याच्यावर नेणे हीच चूक असते.

आधी नंबरचे. नंबर मोठा तेवढा दाणा बारीक, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो नंबर कोणत्या मापाचा, हे फारसे कोणी पाहत नाही. जपानी मानकात १००० नंबरचा दाणा सरासरी साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ३००० चा ४, ६००० चा २ आणि ८००० चा १.२ मायक्रॉनचा. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या वॉटर पेपरच्या पाठीवर नंबराआधी ‘पी’ असेल तर ते युरोपीय माप. त्यात पी १००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन आणि पी २००० म्हणजे १० मायक्रॉनच्या आसपास. थोडक्यात, दोन हजारचा कागद आणि एक हजारचा जपानी दगड जवळजवळ एकाच दाण्याचे. दोन हजारच्या कागदावरून आठ हजारच्या दगडावर जाणाऱ्याला आपण चौपट उडी घेतली असे वाटते, प्रत्यक्षात ती आठपटीहून जास्त असते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लॅपिंगचे, म्हणजे धातू बारीक घासून गुळगुळीत करण्याचे, काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथे डायमंड पेस्ट मायक्रॉनवरच मागतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या काळ्या-करड्या कार्बोरंडमच्या जोडदगडावर तर बऱ्याचदा नंबरच नसतो, नुसते ‘कोर्स’ आणि ‘फाइन’. त्याचे ‘फाइन’ अंगही बहुधा दोन-तीनशेच्या घरातलेच निघते. कोयत्याला ते छान. पॉलिशशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक दगडाचे काम एकच: आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून त्यांच्या जागी आपले बारीक ओरखडे पाडणे. दाणा एका टप्प्यात तिसऱ्या हिश्श्यावर आणला तर हे काम बेताच्या वेळात होते. म्हणून १०००, ३०००, ८००० ही साखळी बसते. ४०० वरून ६००० वर उडी घेतली तर ओरखड्यांचे माथे तेवढे घासले जातात. पाते वरवर चमकते, पण उजेडात तिरके धरले की खालच्या रेघा जशाच्या तशा दिसतात आणि धारेपाशी त्याच रेघांचे वेडेवाकडे दाते राहतात. हे ओळखायला सोपा उपाय आहे. दर दगडाला घासण्याची दिशा थोडी बदलावी. हजारवर रेघा डावीकडे कलत्या असतील तर तीन हजारवर उजवीकडे कलत्या पाडाव्यात. जुन्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी झाल्याशिवाय पुढचा दगड भिजवू नये.

खरी मेहनत हजारच्या दगडावर आहे. धारेला दात पडलेले असतील तरच त्याआधी ३००-४०० चा दगड घ्यावा. कोन ठरवायला यंत्र लागत नाही. पाते ४० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १४ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात, १० मिलिमीटरला १५ अंश. आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांना २० अंशच बरे. पोलाद मऊ असते, १५ अंशांची पातळ धार त्यात मुडपते. धारेलगतच्या उताराला मार्करने रंग द्यावा आणि चार-पाच हात मारून बघावे. रंग फक्त वरच्या बाजूचा गेला आणि धारेलगतचा तसाच राहिला तर पाठ फार खाली आहे. कितीही घासले तरी दगड धारेला लागणारच नाही. ३०००/८००० च्या दगडावर तासभर घालवणाऱ्यांचे बहुतेक हेच झालेले असते. त्यांनी धारेमागचा खांदा चमकवलेला असतो.

एका अंगाने घासत राहिले की दुसऱ्या अंगाला, धारेच्या अगदी काठावर, पोलादाची बारीक कड उठते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती चाचपायला बोट पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने ओढावे. धारेच्या लांबीवरून कधीही नाही. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये दोन बोटे जागा गुळगुळीत लागली तर तिथे धार अजून झालेली नाही, तेवढाच भाग पुन्हा घासावा. मग पाते उलटून दुसऱ्या अंगाला तेवढेच काम. त्यानंतर एक हात इकडे, एक हात तिकडे, दाब कमी करत करत बर झिजवायची. हजारवर दाब दीड-दोन किलोपर्यंत चालतो, शेवटच्या दगडावर तीन-चारशे ग्रॅम पुरे. हाताला अंदाज यावा म्हणून दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून एकदा पाहावे, आपण किती जोर लावतो ते कळून आश्चर्य वाटते.

बर न काढता आठ हजारवर गेलात तर काय होते? बरच पॉलिश होते. सुरी पहिल्या दिवशी कागद सरसर कापते आणि तिसऱ्या कांद्याला बोथट होते, कारण ती पातळ कड दुमडते किंवा तुटते. ‘धार टिकत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा पोलादाच्या आधी ही शंका घ्यावी. हजारवर हलके हात झाले की धार मऊ लाकडाच्या काठावरून एकदा, अलगद ओढावी. उरलेली बर तिथे निघते.

आता कुठे थांबायचे. माझ्या मते घरातल्या नव्वद टक्के सुऱ्यांना हजारचा दगड आणि त्यानंतर कातड्यावर ओढणे, एवढे पुष्कळ झाले. टोमॅटोची साल, सिमला मिरची, पावाची कड यांना धारेत थोडे दाते असलेले बरे, हजार-दोन हजारची धार तिथे पकड घेते. कोथिंबीर, पालक, बारीक कांदा, बिनहाडाचे मांस यांना तीन हजारपुढची गुळगुळीत धार चांगली. पाला काळा पडत नाही. विळीवर भाजी पात्यावर ढकलली जाते, त्यामुळे तिलाही तीन हजारची धार मानवते. फक्त पाते बाकदार असल्याने तिथे पाते स्थिर ठेवून दगड फिरवावा. आठ हजारचे खरे गिऱ्हाईक म्हणजे सुताराचा रंधा आणि पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, किंवा ६० रॉकवेलच्या (हे पोलादाच्या कडकपणाचे माप) पुढचे कडक पाते. पन्नास-पंचावन्न रॉकवेलच्या स्वस्त सुरीवर ८००० चे पॉलिश दिसायला देखणे, टिकायला दोन दिवस.

कातड्याचे मात्र कौतुक करायला हवे. आपल्याच जिल्ह्यात अथणीकडे कोल्हापुरी चपला होतात. त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे या कामाला उत्तम. तुकडा सपाट फळीला चिकटवून त्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी घासावी. तिचा दाणा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. सुरी पाठीच्या दिशेने ओढायची, धार मागे राहील अशी. प्रत्येक अंगाला दहा-पंधरा हात. जोर लावला तर कातडे दबते आणि धार गोल होते. रेक्झिनचा पट्टा चालत नाही.

दगडाची निगा हा निवडीचाच भाग आहे, कारण खोलगट दगडावर कोन टिकत नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात. जाड काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटच्या उरलेल्या सपाट तुकड्यावर पी २२० चा वॉटर पेपर ओला करून पसरावा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासावा. मग दगड वाहत्या पाण्यात चोळून धुवावा. जाड दाण्याचा एक कण आठ हजारवर राहिला तरी आरशावर चरा उमटतो. म्हणून प्रत्येक दगडाचे पाणी वेगळे. सच्छिद्र हजारचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, पाच-दहा मिनिटे भिजवावा. बारीक दगडांना बऱ्याचदा वरून शिंतोडा पुरतो आणि काही प्रकारचे दगड पाण्यात ठेवले तर तडकतात, म्हणून सोबतचा कागद वाचावा. कार्बोरंडमवर एकदा तेल पडले की पुढे तेलच. तेही शिलाई मशिनचे पातळ. खोबरेल नको, बेळगावच्या डिसेंबरात ते थिजते आणि दगडाची छिद्रे बुजतात.

निपाणीकडच्या बिडी कामगारांच्या कात्र्यांना यातले काहीच लागू नाही. कात्रीचा फक्त बाहेरचा उतार ४००-६०० वर घासावा. आतली सपाट बाजू उतरवली तर दोन पाती एकमेकांना भिडत नाहीत. पॉलिश केलेल्या कात्रीतून तेंदूचे पान निसटते. ऊसतोडीच्या कोयत्याला कानस आणि जाड दगड एवढेच. त्याला ग्राइंडरवर धरताना पाते निळे पडले, तर तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले म्हणून समजावे. निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो आणि तेवढा भाग घासून काढल्याखेरीज तिथे धार राहत नाही.

२०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांमुळे खोक्यावर किंमत आणि उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता असतो. त्याच्या शेजारी नंबर कोणत्या मानकाचा आणि दाणा किती मायक्रॉनचा, एवढी एक ओळ दगड विकणाऱ्या कंपन्यांनी छापावी. तोवर गिऱ्हाइकांनी दुकानात तेच विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर ३०००/८००० ऐवजी १०००/३००० चा दगड घ्यावा.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव