शबनममधला कॉम्प्युटर

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय दिग्या,

तुझा सतरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली दहा मिनिटं नुसत्या शिव्या, आणि शेवटी प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त सिस्टिम टाकू का, आणि फोनवरही काहीतरी मोकळं चढवू का? बोलूनच उत्तर दिलं असतं, पण पायऱ्या तुला परत परत वाचाव्या लागतील, म्हणून लिहितोय.

लॅपटॉपवर टाक. डोळे मिटून टाक, नाहीतरी आपल्या दोघा आंधळ्यांना दुसरा मार्ग कुठाय!

डेबियन घे, लिनक्सचाच एक प्रकार. पेनड्राइव्हवरून बूट झालं की मेनू आल्याची बीप वाजते. मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम जुना बायोस असेल तर एक, नवा यूईएफआय असेल तर दोन. वाजली की एस दाब, मग एंटर, आणि थांब. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा ईस्पीकचा, म्हणजे अक्षरं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आवाज सुरू होईल. पुढे वायफाय, पासवर्ड, डिस्कची वाटणी, सगळं तो वाचतो आणि आपण पर्यायाचा आकडा टाइप करून एंटर मारत जायचं.

आता माझा गाढवपणा ऐक. लॅपटॉपात बहुतेक वेळा साउंड कार्डं दोन निघतात, एक स्पीकरचं आणि एक एचडीएमआयचं. इन्स्टॉलर एकेका कार्डावर आळीपाळीने विचारतो, इथे ऐकायचं असेल तर एंटर दाबा. माझ्याकडे पहिली पाळी एचडीएमआयची. मला अर्थातच काही ऐकू येईना. वाटलं, अडकलं, आणि सवयीने एंटर ठोकला. झालं! मशीन न जोडलेल्या टीव्हीशी गप्पा मारत बसलं आणि मी अर्धा तास स्पीकरला कान लावून. शेवटी शेजारच्या सातवीतल्या पोराला बोलावलं. तो म्हणतो, "काका, हे तुमची भाषा विचारतंय." म्हणजे पहिल्याच प्रश्नावर! बंद करून पुन्हा सुरू केलं आणि या खेपेला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

खरा मुका टप्पा त्याच्याही आधीचा, बूट कुठून करायचं ते निवडण्याचा. तिथे कुणी बोलत नाही. खालचा बाण किती वेळा दाबायचा ते डोळसाकडून एकदाच मोजून घे आणि ब्रेलमध्ये टिपून ठेव. आवाजावर इन्स्टॉल केलंस की नवी सिस्टिमही पहिल्या दिवसापासून बोलती येते, ऑर्का हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वेगळा शोधत बसावा लागत नाही.

पैसे वाचवायला म्हणून करणार असशील तर मात्र राहू दे. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मुक्तही. ऑफिसात मी तेच वापरतो.

माझं खरं प्रेम सध्या शबनममध्ये असतं. रास्पबेरी पाय ४००. कीबोर्डाच्या पोटातच कॉम्प्युटर, ४ जीबी रॅम. डोळसांना वर स्क्रीन विकत घ्यावा लागतो, आपला तो खर्च वाचला. चांगली तीन अँपिअरची पॉवर बँक लावली की चालतं. खोट एकच, हेडफोनचं भोकच दिलेलं नाही! यूएसबीचं चिमुकलं साउंड कार्ड लटकवावं लागतं. शिवाय स्क्रीन जोडला नाही की डेस्कटॉप रुसतो, म्हणून मी सरळ टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर, असतो. परवा डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या गृहस्थांनी कर्जतपर्यंत दम धरला, मग विचारलं, "याचा स्क्रीन?" म्हटलं, घरी विसरलो.

त्यावर ईमॅक्सस्पीक चालवतो, ईमॅक्स या लिहिण्याच्या प्रोग्रॅमला बोलतं करणारं. टी. व्ही. रामन यांचं, १९९५ सालचं. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, इथेच गणित शिकले, मग आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल. त्यांची युक्ती अशी: साधा स्क्रीन रीडर कॅलेंडरच्या चौकटीतला नुसता आकडा वाचतो, "अठरा". ईमॅक्सस्पीक आतून पाहतं, म्हणून वार आणि महिन्यासकट पूर्ण तारीख सांगतं. शिकायला डोकं खातं, हेही खरं. मला दोन महिने लागले आणि त्यातला एक चिडण्यात गेला.

मराठी? ईस्पीकला येते, कामापुरती. पण लिपीत च एकच, तो बिचारा काय करणार? "गुरांना चारा" म्हणताना तो चार आकड्यातला च लावतो आणि माझं गावाकडचं रक्त खवळतं.

फोनला हात लावू नकोस. फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, त्याचं कुलूप उघडलं की सगळा डेटा पुसला जातो, त्यानंतरचे फास्टबूट आणि रिकव्हरी हे मेनू दोन्ही मुके. आवाजाच्या बटणांवर खाली-वर मोजत बसायचं आणि एक पायरी चुकली तरी कळायची सोय नाही. एवढं करून बँकेच्या अ‍ॅपने रुसायचं ठरवलं तर भाजीवाल्याला काय देणार? हौस असेल तर कपाटातल्या जुन्या फोनवर भागव.

पेनड्राइव्ह मी तयार करून कुरियरने पाठवतो, टोपणावर ब्रेलमध्ये "डे" असेल. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही. आणि बीप एक वाजली की दोन, तेवढं लगेच कळव.

तुझा,
मंद्या