मोठ्या काकांचं मृत्युपत्र आणि आपले पैसे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुमचा आवाज चढला आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. मृत्युपत्र रद्द झालं तरच काकांना दिलेले पैसे परत मिळतील, असं तुमच्या मनात पक्कं बसलंय. तसं नाहीये. काकांनी सगळं पुतण्याच्या नावे लिहिलेलं असलं तरी उत्तराधिकाराच्या १९२५ च्या कायद्याप्रमाणे मिळकतीतून आधी देणी फेडायची असतात, वाटप त्यानंतर. मृत्युपत्र खरं ठरलं तरी तुमचं येणं कुठे जात नाही.

प्रश्न आहे मुदतीचा. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर उसने पैसे दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. स्लॅबसाठी दिलेले पैसे कधीच मुदतीबाहेर गेले. तुमच्या डायरीत पै न पै लिहिलेली आहे, पण ती तुमच्या हातची, तिच्याने मुदत वाढत नाही. काकांच्या सहीची लेखी कबुली लागते.

ऑपरेशनच्या पैशांचं वेगळं आहे. ते चेकने गेले, पासबुकात नोंद आहे, आणि आईने कपाटात जपून ठेवलेली ती चिठ्ठी आहे. तिचा फोटो मी कितीदा मोठा करून पाहिला. काकांचं ते तिरकं अक्षर, ‘ऑपरेशनला दिलेले तुझे पैसे बुडवणार नाही, सवडीने देतो’, खाली सही आणि तारीख. ती तारीख फार मोलाची आहे, कारण ३ वर्षं तिथून नव्याने मोजली जातील आणि ती अजून संपलेली नाहीत. मूळ चिठ्ठी कुणाच्याही हातात देऊ नका, दाखवायला झेरॉक्स पुरे.

मृत्युपत्र नोंदवलेलं आहे, आता काही होत नाही, असं धाकटे काका सांगतात. सगळं त्यांच्याच मुलाला मिळालंय, तेव्हा त्यांचा सल्ला जपून घ्या. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप खरं ठरत नाही. दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सही कशी झाली ते सांगावं लागतं. ज्याला सगळं मिळतं त्यानेच पुढाकार घेऊन कागद करवून घेतला असेल, तर तो संशय त्यानेच दूर करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटचला अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय. इथे वकील पुतण्याने आणला, साक्षीदार त्याचे मित्र, आणि त्या आठवड्यात काकांना माणसं ओळखू येत नव्हती.

पण बाबा, ‘दादाने मला काहीच ठेवलं नाही’ हे कारण कोर्टात चालत नाही. स्वतः कमावलेलं माणूस कुणालाही देऊ शकतो. तुम्हाला किती लागलंय ते मला कळतं, तरी दवाखान्याचे कागद हाती आले तरच या वाटेला जाऊ. मृत्युपत्र टिकलं नाही तर वाटे तिघा भावंडांचे सारखे होतील, म्हणून आत्याशी आधी बोला.

आई, तू म्हणतेस सोडून द्या. त्या चेकमध्ये तुझ्या पाटल्यांचे पैसे आहेत, हे घरात कुणी बोलत नाही. मी बोलणार. स्लॅबचे पैसे सोडायला मी तयार आहे, पाटल्यांचे नाही.

तोवर कुठल्याही संमतीपत्रावर सही करू नका. फेरफाराची, म्हणजे मिळकतीच्या नोंदीत नाव बदलण्याची, नोटीस आली तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आणि नुसत्या वकिलाच्या नोटिशीने मुदत थांबत नाही, दावा दाखल व्हावा लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यात मी येतेय. पासबुक, चिठ्ठी आणि काकांच्या सहीचे आणखी कागद असतील तर काढून ठेवा, आपण तिघं मिळूनच वकिलांकडे जाऊ.

तुमची लेक