मिसिंग शोधून दिल्याबद्दल

मिस्त्री, स. न. वि. वि.

तुमच्या हाताखालून गाडी गेली त्याला आता अख्खा पावसाळा झाला. खंबाटकी चढून साताऱ्याला जाणं-येणं झालं, पण मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटून बसणारे गचके, काही परत आलं नाही. आभार तेव्हा तोंडी मानले होतेच. पण तुम्ही नेमकं काय केलंत ते चारचौघांत सांगायला हवं, विशेषतः जुन्या गाडीला सीएनजी किट लावून फिरणाऱ्यांना.

तुमच्याआधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवे घातले. दर वेळी जरा बरं वाटायचं, की पुन्हा तेच. तुम्ही मात्र बॉनेटला हात लावायच्या आधी विचारत बसलात. गार असताना की तापल्यावर? सिग्नलला की चढावर? पेट्रोलवर की गॅसवर? माझ्या उत्तरांचा मेळ बसेना, तेव्हा म्हणालात, "ताई, ही दोन दुखणी आहेत."

पहिलं अंधार पडल्यावर सापडलं. दिवा बंद करून चालू इंजिनच्या प्लग वायरींवर तुम्ही पाण्याचा बारीक फवारा मारलात, आणि तिसऱ्या वायरीतून हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, निळ्या ठिणग्या उडताना मी स्वतः पाहिल्या. गॅसवर ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे कमजोर वायर आधी गॅसवरच दगा देते. घाटात पावसात गचके का बसायचे ते तिथे कळलं.

दुसरं खरं अवघड. तापलेल्या, चालू इंजिनच्या वायरी एकेक करून काढल्यात. दोन नंबरची काढली तरी आवाजात फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर कामच करत नव्हता. त्याचा प्लग शेजारी घालून पाहिलात, मिसिंग जागचं हललं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलंत: तीनपैकी एक आणि तीन नंबरला १७० पीएसआयच्या आसपास, दोनला जेमतेम ११०. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलंत. पिस्टनच्या रिंगा गळत असत्या तर ऑइलने आकडा वाढला असता. तो वाढला नाही, म्हणजे रिंगा ठीक, व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

इंजिन गार झाल्यावर टॅपेट कव्हर उघडलंत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात हवी ती बारीक फट, गॅप, उरलीच नव्हती. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट घट्ट होतात. सैल टॅपेट टकटक करून बोंबलतात, घट्ट झालेले गप्प बसतात. म्हणून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नसावं. असंच चालवलं असतं तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावं लागलं असतं. काम झालं एका वायरीवर आणि टॅपेट सेटिंगवर.

हेड उतरवायचंय असं तुम्ही सांगितलं असतंत तर मी मुकाट्याने हो म्हटलं असतं, हे तुम्हालाही माहीत होतं.

पुढच्या सर्व्हिसला गॅप माझ्यासमोर मोजा. गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, फीलर गेज, कसा धरतात ते मला शिकून घ्यायचंय.

आपली,
तीन सिलिंडरवाली ताई