माऊथ ऑर्गन हे खेळणं नव्हे

महोदय,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका वाद्यवादन स्पर्धेचा अर्ज भरायला गेलो. बासरी होती, सनई होती, संवादिनी होती. माऊथ ऑर्गन कुठेच नव्हता. विचारलं तर संयोजक म्हणाले, "काका, ते खेळणं आहे. त्यावर मींड थोडीच निघते?" मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. वाद्य नेमकं घरी राहिलं होतं, नाहीतर तिथेच वाजवून दाखवलं असतं. म्हणून हे पत्र.

मी हिंगणा एमआयडीसीत फिटर आहे, वय 51. संध्याकाळी प्रतापनगरात चार पोट्ट्यांच्या रॉक बँडमध्ये वाजवतो. ते गाणं 'ई' पट्टीत लावतात तेव्हा मी 'ए' पट्टीचा माऊथ ऑर्गन काढतो. त्यावर 'ई'चे मुख्य सूर श्वास आत ओढून लागतात, आणि ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताचा, जीव फुंकण्यापेक्षा ओढण्यात जास्त आहे. तिसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की शुद्ध गंधार लागतो. जीभ मागे घेऊन घसा मोकळा सोडला की तोच सूर घसरत कोमल गंधारावर येतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेवर ब्लूज राहतो. मला तिथे थांबता यायला दीड वर्ष लागलं.

याला मींड नाही तर काय म्हणायचं? 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे मींड निघत नाही हाही आक्षेप होता. पेटीतही धातूच्या पत्त्या, माऊथ ऑर्गनमध्येही तशाच वीस. पण इथे पत्तीला थेट माणसाचा श्वास भिडतो, म्हणून तिचा सूर वाकतो. शिकागोचा माऊथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर याने माईक आणि वाद्य एकाच ओंजळीत धरून 1952 साली 'ज्यूक' हे गाणं वाजवलं. त्यात एक शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं.

जोरात ओढून माझी चौथी पत्ती सारखी उतरते. मग झाकण काढायचं, पत्तीखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि टोकाला बारीक कानस फिरवून सूर चढवायचा. खेळण्याला कोणी एवढं जपत नाही.

पुढच्या अर्जात बासरीखाली एक ओळ वाढवावी, एवढीच संयोजकांना विनंती. आमच्या बेस गिटारवाल्याचा अकरा वर्षांचा भाऊ माझ्याकडे शिकतो. तिसरं भोक त्याला आत्ता कुठे वाकवता येऊ लागलंय, आणि अर्ज त्यालाही भरायचा आहे.

— एक माऊथ ऑर्गनवादक, नागपूर