रंध्याच्या कातळाकडेही बघा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

अकोले तालुक्यातल्या रंधा धबधब्यावर पावसाळ्यात उसळणारी गर्दी आपल्याला ठाऊकच आहे. तिच्यासाठी रस्ता, वाहनतळ, स्वच्छतागृहे हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. माझे मागणे ज्या कड्यावरून पाणी कोसळते त्या कातळासाठी आहे.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. सह्याद्रीचा कडा तिथून जवळच. तरी ती कोकणात न उतरता पूर्वेला वळते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. वाटेत १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण लागते. त्याच्या खाली, रंध्याला, नदी सुमारे १७० फूट खोल घळीत झेपावते.

ही झेप घडवली ती लाव्हाच्या थरांनी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन:पुन्हा वाहत आला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. हे थर एकसारखे नाहीत. प्रवाहाचा गाभा सावकाश थिजतो, म्हणून घट्ट असतो. माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, तिथे मऊ तांबडा पट्टाही सापडतो. वाहते पाणी मऊ थर आधी पोखरते. वरचा घट्ट कातळ अधांतरी राहतो आणि थिजताना पडलेल्या उभ्या भेगांवर तुटून खाली येतो. त्यामुळे असा कडा झिजूनही उभाच राहतो आणि फार संथपणे उगमाच्या दिशेने मागे सरकतो. नदीच्या तळातले गोटे भोवऱ्यात गरगरून कातळ कसा कोरतात, ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातच निघोजला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांत हात घालून पाहता येते.

मंत्रिमहोदय, याच उभ्या भेगांची मला काळजी वाटते. धबधब्यांच्या कडेला प्रेक्षकसज्जे उभारायचे, त्यासाठी कातळाला भोके पाडायची, सिमेंट ओतायचे, ही पद्धत आता रुळली आहे. जो खडक मुळातच भेगांवर तुटतो, त्याच्या टोकावर शेकडो माणसे उभी करण्याआधी भूवैज्ञानिकाने तो तपासायला नको का? ठेकेदाराच्या नकाशात या भेगा सहसा नसतात.

म्हणून विनंती अशी : रंध्याच्या कड्यावर कोणतेही बांधकाम मंजूर करण्याआधी भूवैज्ञानिक पाहणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल मराठीत जाहीर करावा. लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तसे संरक्षण रंध्यालाही मिळावे म्हणून राज्याने प्रस्ताव पाठवावा. आणि परिसरातल्या महादेव कोळी व ठाकर समाजाच्या तरुणांना या खडकांचे रीतसर प्रशिक्षण देऊन वाटाडे म्हणून मानधनावर नेमावे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान पाहणीचा आदेश तरी निघावा.

आपला,
सह्याद्रीत भटकणारा एक नागरिक